कमी देखभालीचा गादीवाफा आणि मधले दोन आठवडे

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी बागेसाठी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी ५,००० रुपयांचा दंड ठरविला. रोज पाणी आणि दर आठवड्याला खुरपणी-फवारणी मागणारी बाग टंचाईत टिकत नाही, हे महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच परसबागेतील गादीवाफा कमी देखभालीचा कसा होईल, याचा विचार दोन्हीकडे व्हावयास हवा.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये ‘पर्माकल्चर वन’ या ग्रंथातून मांडलेल्या पद्धतीचे सार असे, की श्रम आखणीच्या वेळी करावेत आणि पुढचे बरेचसे काम सजीवांच्या परस्परसंबंधांवर सोपवावे. वाफ्याची रुंदी एक ते सव्वा मीटर ठेवली, तर दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व मातीवर पाय पडत नाही. उंची २० ते ३० सेंटिमीटर पुरेशी होते. बंगळुरूच्या तांबड्या मातीवर पावसानंतर कठीण पापुद्रा येतो, तर महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत पाणी साचते. पालापाचोळा, शेणखत व माती यांचे थर आणि वर ५ ते ८ सेंटिमीटर आच्छादन, हा उपाय दोन्ही जमिनींना लागू पडतो. कडेला लाकडाऐवजी दगड लावावा, कारण लाकडाला वाळवी लागते. शेणखत पूर्ण कुजलेले असावे, अन्यथा त्यातून हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात.

इथवरचे सारे प्रात्यक्षिकांत शिकविले जाते. वाफा हिरवा झाल्यानंतर काय घडते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसतो आणि शेतातल्या पंपात उरलेले कीटकनाशक घरच्या भाजीवर मारले जाते. कमी देखभालीचे गणित तेथेच बिघडते. शिवाय विषाचा अंश थेट ताटात येतो.

मावा साधारण आठवडाभरात नवी पिढी जन्माला घालतो. त्याला खाणाऱ्या ढालकिड्यास अंड्यापासून प्रौढ होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. भक्षक नेहमीच मागून येतो. या मधल्या काळात फवारणी झाली, तर दोघेही मरतात. मावा लवकर परततो, ढालकिडा उशिरा. पुढची फवारणी मग अटळ ठरते. याउलट थोडा मावा राहू दिला, प्रादुर्भाव वाढल्यास शेंडे खुडले वा पाण्याच्या झोताने मावा धुतला, तर मित्रकीटकांना अन्न आणि अवधी दोन्ही मिळतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची काही रोपे फुलावर जाऊ दिल्यास सिरफिड माश्या व परोपजीवी कीटक वाफ्याकडे येतात.

मित्रकीटकांवर विसंबणे हा भाबडेपणा नव्हे. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूर येथे आढळला आणि फवारण्यांना दाद देईना. २०१० मध्ये बंगळुरूच्या ज्या संस्थेने पोर्टो रिकोहून त्याचे परोपजीवी कीटक आणविले, ती आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणून ओळखली जाते. त्यांतील ‘ॲसेरोफॅगस पपायी’ या सूक्ष्म कीटकाने ही कीड आटोक्यात आणली. अर्थात प्रत्येक किडीला हा न्याय लागू नाही. वांग्याचे शेंडे व फळे पोखरणारी अळी वाट पाहून जात नाही. कीडग्रस्त शेंडे व फळे वेळोवेळी तोडून नष्ट करावीच लागतात. कुठे थांबावे आणि कुठे हात घालावा, हे ओळखणे हीच खरी देखभाल होय.

परसबागेचे काम बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येते. तिला वाफा भरून आणि बियाण्याची पाकिटे देऊन विस्तार कार्यकर्त्याचे कर्तव्य संपत नाही. वाफा भरण्याच्या दिवसाइतकेच महत्त्व मावा दिसल्यानंतरच्या भेटीला द्यावयास हवे. त्या भेटीत भिंग घेऊन तिला ढालकिड्याची अळी दाखवावी. करड्या-काळ्या रंगाची, सुसरीसारख्या आकाराची ही अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. त्यामुळे अनेक घरांत ती कीड समजून चिरडली जाते आणि वाफ्याचा सर्वांत स्वस्त राखणदार हकनाक जातो.