दर वाढतो की वाढवला जातो?

प्रयोजक क्रियापद शिकवताना आपण बसणे-बसवणे, हसणे-हसवणे अशी उदाहरणे फळ्यावर लिहितो. त्यांत 'वाढणे-वाढवणे' ही जोडी आवर्जून घालावी, असे वाटू लागले आहे. पेट्रोल आणि डिझेल यांच्याविषयी बोलताना आपल्या सार्वजनिक भाषेने या जोडीतील दुसरे क्रियापद जवळजवळ हद्दपार केले आहे. पेट्रोल 'भडकते', डिझेल 'कडाडते', दर 'शंभरी गाठतो'. या वाक्यांत व्याकरणाचा कर्ता आहे, पण करणारा कोणी नाही. वणवा पेटावा किंवा ताप चढावा, तसे हे सारे आपोआप घडते. दर उतरला की मात्र करणारा लगबगीने वाक्यात येऊन बसतो. नोव्हेंबर २०२१मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर केंद्राने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांची कपात केली, तेव्हा ती 'सरकारची दिवाळी भेट' ठरली. वाढ निसर्गाची आणि कपात शासनाची, अशी ही वाटणी आहे.

या भाषेला एक इतिहास आहे. जून २०१०मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. त्यापूर्वी दरवाढ ही घटना असे. आदल्या संध्याकाळी बातमी येई, मध्यरात्रीपर्यंत पंपावर रांगा लागत, दुसऱ्या दिवशी मोर्चे निघत. १६ जून २०१७पासून देशभर दर रोज बदलू लागले. कधी १२ पैसे, कधी २० पैसे. एवढ्याशा पैशांसाठी मोर्चा कोण काढणार? घटनेची सवय झाली आणि सवयीची बातमी तापमानाच्या आकड्याशेजारी जाऊन बसली.

बाजाराची बाजू नाकारण्याचे कारण नाही. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. आखातात युद्ध झाले किंवा रुपया घसरला, तर त्याची किंमत द्यावीच लागते. परंतु दर खरोखर बाजाराच्या हवामानावर चालत असतील, तर ते दोन्ही दिशांनी हलले पाहिजेत. एप्रिल २०२०मध्ये जगभर कच्चे तेल कोसळले. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. त्यामुळे पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क लिटरमागे ३२.९८ रुपयांवर पोहोचले आणि स्वस्त झालेले तेल ग्राहकापर्यंत स्वस्त होऊन आलेच नाही. पुढे ४ नोव्हेंबर २०२१पासून साडेचार महिने तेल कंपन्यांनी दर हलवले नाहीत. याच काळात गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२पासून एकेका वेळी ८० पैशांची चढण पुन्हा सुरू झाली. मतदानाचे वेळापत्रक पाळणारे हवामान भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही.

राज्येही यात मागे नाहीत. २०१५मध्ये महाराष्ट्राने दुष्काळनिवारणासाठी इंधनावर लिटरमागे २ रुपयांचा बोजा टाकला. तो दुष्काळानंतरही का चालू आहे, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. अंतराचा भार वेगळाच. मनमाडजवळच्या आगारातून सुमारे तीनशे किलोमीटर टँकर चालवून परभणीला इंधन पोहोचते. मराठवाड्यातले हे शहर २०१८ आणि २०२१मध्ये महाग पेट्रोलसाठी बातम्यांत आले, ते काही तिथल्या सुबत्तेमुळे नव्हे.

मग वाहनचालकाने करायचे काय? उपदेशाची कमतरता नाही. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या बेताने गाडी हाका. १९७८पासून पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ हे सांगत आला आहे. हा उपदेश खराही आहे आणि पाळावा असाही आहे. पण त्याने गाडीचा खर्च आटोक्यात राहतो, दराचा प्रश्न सुटत नाही. लोकांनी स्वतःची एक युक्ती काढली आहे. ते लिटर मागत नाहीत, 'शंभरचं टाका' म्हणतात. शंभराची नोट तशीच राहते, टाकीत पडणारे पेट्रोल तेवढे कमी होते. दरवाढ सोसण्याची ही पद्धत दरवाढ नजरेआड करण्याचीही पद्धत आहे.

हे सोसणे सर्वांना सारखे नसते, याचे उदाहरण आपल्याच स्टाफरूममध्ये आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी वीस-तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात शिकवतो. एस.टी.ची वेळ त्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, म्हणून दुचाकी ही त्याची चैन नसून नोकरीची अट आहे. आम्हा कायम प्राध्यापकांचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वर सरकतो. त्याच्या तासिकेचा दर शासन निर्णयाने ठरतो आणि नवा निर्णय निघेपर्यंत जागचा हलत नाही. एकाच माणसाच्या हिशेबात दोन 'दर' आहेत. एक सकाळी सहा वाजता बदलू शकतो, दुसरा वर्षानुवर्षे बदलत नाही. पहिल्याला बाजाराचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याला फाइलीचे बंधन, हा न्याय कोणत्या अर्थशास्त्राचा?

त्यावर दोन मागण्या कराव्यात असे वाटते. पंपावरच्या पावतीत मूळ किंमत, केंद्राचे शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्याचा कर वेगवेगळे छापावेत. पावतीवर नावे आली की वाक्यात करणाराही येईल. दुसरी मागणी अशी की, तासिकेच्या मानधनाला प्रवासखर्चाची आणि महागाईची जोड मिळावी. प्राध्यापक संघटनांच्या निवेदनांत हा मुद्दा कायम प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीखाली दबून राहू नये.

भाषेच्या अध्यापकांकडे याहून एक छोटे काम आहे. निबंधात विद्यार्थी 'महागाई वाढली आहे' असे लिहितो, तेव्हा समासात लाल शाईने एवढाच प्रश्न लिहावा : कोणी वाढवली? उत्तर प्रत्येक वेळी एकच येणार नाही. कधी युद्ध, कधी रुपया, कधी केंद्र, कधी राज्य. पण उत्तर शोधावे लागते, हे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.