वाचनालय : मालक की कूळ?

“सगळे काही मोबाइलमध्ये मिळते, मग वाचनालयांवर पैसा कशाला घालवावयाचा?” हा प्रश्न आता चहाच्या टपरीपुरता उरलेला नाही. स्वत:ला पुरोगामी म्हणविणारेही तो विचारतात, आणि वाचनालयाचे कैवारी उत्तरादाखल कागदाच्या वासाचे गोडवे गाऊ लागतात. असल्या हळवेपणाने काहीच साधणार नाही. यंत्र आले याबद्दल समाजवाद्याने विलाप करण्याचे कारण नाही; यंत्र कोणाच्या मालकीचे, हा त्याचा जुना प्रश्न आहे व तो येथेही विचारला पाहिजे.

छापील पुस्तक विकत घेणारे वाचनालय त्या प्रतीचे मालक होते. ते ती प्रत शंभर वाचकांस देईल, फाटली तर बांधून घेईल, जुनी झाल्यावर शेजारच्या गावाला देऊन टाकील. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. इ-पुस्तकाची गोष्ट निराळी. ते बहुधा विकले जातच नाही. वाचण्याचा परवाना तेवढा मिळतो. हार्पर कॉलिन्स या बड्या प्रकाशनसंस्थेने २०११ साली अमेरिकेतील ग्रंथालयांना बजावले की, एक इ-पुस्तक सव्वीस वेळा वाचकास दिले की परवाना संपला. पुन्हा पैसे भरा. मॅकमिलनने २०१९ मध्ये नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे संपूर्ण ग्रंथालय-व्यवस्थेला एकच इ-प्रत देण्याचा नियम केला. ग्रंथपालांनी बहिष्काराचे शस्त्र उपसले, तेव्हा मार्च २०२० मध्ये तो मागे घेतला गेला. तत्पूर्वी २००९ साली ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तके त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. कारण हक्कांच्या वादाचे होते, पैसेही परत केले गेले. पण पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ असावी, हा योगायोग कोणा विनोदी लेखकालाही सुचला नसता.

महाराष्ट्रातील वाचकाला या संबंधाचे नाव शोधावे लागणार नाही. हे कूळ-जमीनदाराचे नाते आहे. खंड भरावयाचा, आणि मालकाची मर्जी फिरली की बाहेर पडावयाचे. मुंबई राज्यातील कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला मालक मानले (अंमलबजावणीत किती कुळे वाऱ्यावर राहिली, हा भाग वेगळा). ज्ञानाच्या क्षेत्रातील या नव्या कुळाला मात्र कोणताही कूळकायदा नाही.

तसा मार्ग काढण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. १९९६ साली स्थापन झालेली ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही विनानफा संस्था जवळ असलेल्या छापील प्रतीची संगणकीय प्रत करून ती एका वेळी एकाच वाचकास देत असे. महासाथीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, तिने ही मर्यादा काही आठवडे उठविली. तो आततायीपणा होता, आणि प्रकाशकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. चार मोठ्या प्रकाशकांनी जून २०२० मध्ये दावा लावला. २०२३ साली खालच्या न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने जो निर्णय दिला, त्याने एका प्रतीमागे एक वाचक ही मूळ पद्धतीही बेकायदा ठरली. पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांपुढून काढून घ्यावी लागली.

लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण तो ग्रंथालयाचे हात बांधूनच देता येतो, हे खरे नव्हे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयातून पुस्तक वाचकाकडे गेले की त्याबद्दल लेखकाला सरकारी निधीतून रक्कम मिळू लागली. २०१८ पासून इ-पुस्तकेही त्यात आली.

भारतात काय आहे? २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत जवळ असल्यास, जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा मिळाली. ठेवण्याची मुभा स्पष्ट आहे, वाचकाला घरी देण्याबाबत ते कलम मूक आहे. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात उच्च न्यायालयाने स्वामित्वहक्क हा काही निसर्गदत्त हक्क नव्हे, असे स्वच्छ सांगितले आणि अध्यापनासाठीच्या नकला वैध ठरविल्या. ही वाट रुंद करणे संसदेचे काम होते.

त्याऐवजी केंद्राने थैली उघडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. मागास भागातील सरकारी महाविद्यालयाला शहरातील नामांकित संस्थेइतकेच वाचावयास मिळावे, हे स्वागतार्हच आहे. परंतु संशोधन बव्हंशी जनतेच्या पैशाने व्हावे, संशोधकाने लेख फुकट लिहावा, दुसऱ्याने तो फुकट तपासावा आणि अखेर जनतेनेच तो भाड्याने घ्यावा, या व्यवहाराला हात लागलेला नाही. डिसेंबर २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात देशातील प्रत्येक व्यक्तीला ही नियतकालिके खुली करण्याची भाषा होती. मंजूर झालेली योजना सरकारी उच्चशिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था यांपाशी थांबली. शाळाशिक्षक, वकील, खेड्यातील डॉक्टर, कामगार संघटनेचा अभ्यासू कार्यकर्ता हे नागरिक ‘राष्ट्रा’त मोडत नाहीत काय?

त्यांच्यापर्यंत पोहोचणारी यंत्रणा तर तयार आहे. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालये आहेत. १९१० साली सयाजीरावांनी बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले, तेव्हाचे नवे तंत्र म्हणजे खेडोपाडी फिरणारी पुस्तकांची लाकडी पेटी. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा मात्र तमिळनाडू-कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय-कर बसविण्याचे धैर्य दाखवू शकला नाही. परिणामी अ, ब, क, ड अशा वर्गांत वाटली गेलेली वाचनालये अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात, आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाचे वेतन सांगावयासही संकोच वाटावा. जनतेच्या पैशाने जनतेच्या मालकीचे ज्ञान वेबवर आणता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

पक्षाचे अनेक कार्यकर्ते वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. संगणकखरेदीचा ठराव पुढे आला की पुस्तके विकत मिळणार की भाड्याने, आणि करार संपल्यावर वाचनालयाकडे काय उरणार, हे त्यांनी कार्यवृत्तात लिहून घ्यावे. केंद्राच्या वर्गणीची मुदत २०२७ अखेर सरते. नव्या करारात जिल्हा व तालुका वाचनालयांचा समावेश व्हावा आणि सरकारी पैशावर झालेले संशोधन सर्वांस खुले असावे, या मागण्यांची निवेदने खासदारांच्या हाती त्याआधीच पडावयास हवीत.