सलाईनच्या गणितात पैकीच्या पैकी

५०० मिलीची बाटली, चार तासांत द्यायची. नळीचा सेट २० थेंबांचा, म्हणजे त्यातून पडणारे २० थेंब मिळून १ मिली. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे: मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट मायक्रो, म्हणजे ६० थेंबांचा असेल तर मिनिटाला १२५. दोन्ही सेट एकाच ट्रॉलीवर असतात. १२५ थेंब चुकून २० च्या सेटवर सोडले, तर चार तासांची बाटली ऐंशी मिनिटांत शरीरात जाते. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच थकलेले आहे, त्याच्या फुप्फुसांत पाणी साचायला एवढे पुरते.

जालना जिल्ह्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना हे गणित मी बरीच वर्षे शिकवते आहे. माझे म्हणणे असे आहे: या गणितात पैकीच्या पैकी मिळाल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थिनीला रुग्णाच्या सलाईनला हात लावू देऊ नये. आणि ते मिळावेत याची जबाबदारी एकट्या मुलीवर न टाकता जिल्ह्याने उचलावी.

१. आपल्याकडे पन्नास टक्क्यांना पास. समाजशास्त्राच्या पेपरात ते चालेल. औषधाच्या गणितात पन्नास टक्के म्हणजे दर दुसऱ्या रुग्णाचा डोस चुकला तरी मुलगी पास. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने २०१८ च्या मानकांत औषधांच्या गणिताच्या परीक्षेला शंभर टक्क्यांची अट घातली आहे. तिथे ९५ मिळाले तरी ती परीक्षा पार झाली असे धरत नाहीत. आपल्या मुली त्यांच्यापेक्षा कमी हुशार नाहीत. अट आपण घातलेली नाही, एवढाच फरक.

२. मुली गणितात कच्च्या आहेत, हे मला मान्य नाही. त्यांचे गणित सुटलेले असते. बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, गणित नाही. एएनएमला तर कला शाखेतूनही येता येते. म्हणजे दहावीनंतर दोन-तीन वर्षे गणिताचे पुस्तक उघडलेलेच नसते, आणि पहिल्या वर्षी एकदम इंग्रजी सूत्र समोर येते. मुलगी ते पाठ करते. पाठ केलेले सूत्र रात्रपाळीला दोन वाजता उलटेच आठवते.

मी सूत्रापासून सुरुवात करत नाही. घनसावंगी-परतूरकडच्या मुलींना विचारते, पंधरा लिटरच्या फवारणी पंपाला तीस मिली औषध लागते, तर दोनशे लिटरच्या बॅरलला किती? कपाशीच्या घरात वाढलेली मुलगी वही न उघडता सांगते, चारशे. हेच त्रैराशिक. कुपीत किती मिलीत किती औषध आहे आणि आपल्याला किती हवे आहे, हाही तोच हिशेब. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ केली होती, ती याच रोजच्या हिशेबांसाठी. परीक्षा कोणत्याही भाषेत घ्या, पण समजावताना मराठीत समजावा. ‘द्यायचे मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटे’ हे वाक्य प्रत्येक नर्सिंग रूममध्ये लावायला एक कागद पुरतो.

३. उन्हाळ्यात गावे टँकरवर येतात आणि वॉर्डात जुलाब-उलट्यांची मुले येतात. आठ महिन्यांचे, आठ किलोचे बाळ आहे. पाणी फार कमी झालेले, तोंडाने काही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने वर्षाच्या आतल्या अशा बाळाला पहिल्या तासात किलोला ३० मिली, पुढच्या पाच तासांत किलोला ७० मिली रिंगर लॅक्टेट द्यायचे. म्हणजे आधी २४० मिली, मग ५६०. वीसच्या सेटवर पहिला तास मिनिटाला ८० थेंब, नंतर ३७. मायक्रो सेटवर हाच पहिला तास मिनिटाला २४० थेंबांचा होतो, सेकंदाला चार. ते डोळ्यांनी मोजता येत नाहीत. लहान बाळ म्हणजे मायक्रो सेट, अशी सवय हाताला लागलेली असते. इथे हिशेब केल्यावरच कळते की तो सेट या तासापुरता चालणार नाही.

आणि हे सगळे उभे आहे ते आठ किलोवर. बाळ अंदाजाने दहा किलोचे धरले तर सहा तासांत २०० मिली जास्त जातात. म्हणून बाळ तोलायचा काटा चालू आहे का, हे औषधांच्या साठ्याइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

४. वजनाचा नियम जिथे मोडतो तेही शिकवा. सर्पदंशात लहान मुलालाही प्रतिविषाच्या मोठ्या माणसाएवढ्याच कुप्या द्यायच्या, कारण मूल लहान म्हणून सापाने विष कमी सोडलेले नसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींवर चालणारे हे प्रतिविष दहा-दहा मिलीच्या कुप्यांत येते. मुलासाठी कमी करायची असते ती हे प्रतिविष ज्यात मिसळतो ती सलाईन. ‘किलोप्रमाणे’ एवढेच पाठ केलेली मुलगी इथे कुप्या कमी करून बसेल.

५. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे बहुधा मिलीला ४० युनिटच्या, पेनमधली काडतुसे १०० ची. ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये ४० च्या रेघेपर्यंत ओढले, तर रुग्णाला मिळतात १६ युनिट. उलट झाले तर अडीचपट, आणि त्यात माणूस बेशुद्ध पडतो.

६. बाळंतपणाच्या झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट प्राथमिक आरोग्य केंद्रातही द्यावे लागते, १०८ ची गाडी मंठ्याहून जालन्याला निघण्याआधी. अँप्यूल ५० टक्क्यांचे, २ मिलीचे. ५० टक्के म्हणजे १०० मिलीत ५० ग्रॅम, म्हणून एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम २० टक्क्यांचे करून द्या, असा आदेश आला तर? चार अँप्यूलचे ८ मिली, त्यात १२ मिली पाणी, एकूण २० मिली. टक्के या शब्दाला मुली सर्वांत जास्त घाबरतात, आणि हेच औषध जास्त झाले तर श्वास थांबतो. ही बेरीज गाडी दारात उभी असताना पहिल्यांदा करायची वेळ कोणावर येऊ नये.

७. शिकत असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला माझ्या हातून सेटची चूक झाली. एका आजींची सलाईन तिप्पट वेगाने गेली. पहाटे त्या खोकू लागल्या, मला काही सुचेना. मोठ्या सिस्टरांनी रेग्युलेटर बंद केला, आजींना उठवून बसवले, डॉक्टरांना बोलावले. आजी वाचल्या. सिस्टर मला रागावल्या नाहीत. कचऱ्याच्या डब्यातून सेटचे पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिले आणि त्यावरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. तेव्हापासून पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय मी सेट फोडलेला नाही, आणि माझ्या विद्यार्थिनींनाही फोडू देत नाही.

म्हणून मागणी अशी की खरेदीत सेट बदलला की भांडारातून वॉर्डाला लेखी कळवले जावे. आणि इन्सुलिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम व लहान मुलांचे डोस यांचे गणित दोघींनी वेगवेगळे करून मग ताडून पाहावे.

८. यासाठी माणसे लागतात, हेही स्पष्ट सांगते. तीस सलाईन चालू असतील आणि प्रत्येकीला एक मिनिट दिले, तर एका फेरीला अर्धा तास. एकट्या सिस्टरला हे झेपत नाही. रिक्त पदे भरा.

९. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिकवणारे डॉक्टर आता जिल्ह्यातच आहेत. त्यांनी आणि नर्सिंगच्या शिक्षिकांनी मिळून ही परीक्षा कागदाऐवजी खऱ्या सेटवर घ्यावी. पाण्याची बाटली टांगायची, वेळ लावायची, थेंब मोजायला लावायचे. नापास झाली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा, न लाजवता, पार होईपर्यंत.

१०. जिल्हा नियोजन समितीकडे मागणी अगदी साधी आहे: प्रत्येक वॉर्डात सेकंदकाट्याचे चालू घड्याळ आणि बाटलीवर चिकटवायच्या वेळेच्या पट्ट्या. बाटली कधी लावली, तासातासाला पाणी कुठल्या रेघेवर हवे आणि संपणार कधी, हे पट्टीवर लिहायचे.

११. नातेवाईकांनी रेग्युलेटर फिरवू नये. शेवटची एसटी चुकते, घरी गुरे असतात, मला कळते. पण घाई असेल तर सिस्टरांना सांगा. आणि बाटलीवर पट्टी दिसली नाही तर विचारा, ‘ताई, ही किती वाजता संपणार?’ जिने हिशेब केला आहे ती वेळ सांगेल. जिने केला नसेल ती निदान पुन्हा बाटलीपाशी येईल आणि घड्याळाकडे बघून थेंब मोजेल.