प्रश्न तव्याचा की जातीचा?

घणसोली हे आगरी-कोळ्यांचे गाव. तेथे शाकाहारी पाहुण्याची उपासमारच व्हायची, असा एक समज रूढ आहे. तो अज्ञानमूलक होय. श्रावणात आणि मार्गशीर्षातील गुरुवारी अशाच पुष्कळ घरांतून मासळी वर्ज्य असते. ताटात तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे येते. पाकिटावरील हिरव्या ठिपक्याची ग्वाही पाकिटापुरतीच. खाणावळीतील तवा, तेल कोणते, हे विचारण्याचा प्रवाशाला निःसंशय अधिकार आहे. परंतु पुष्कळदा प्रश्न तव्याचा असतो आणि रोख रांधणाऱ्याच्या जातीकडे! १९४७ पूर्वी रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे, त्यामागील वृत्ती हीच. वेगळ्या भांड्यात रांधून वाढणाऱ्या यजमानिणीचे अन्नही ज्याला चालत नाही, त्याने निदान शाकाहाराची सबब सांगू नये.