वाटप झालं, दुरुस्तीचं काय?

दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, जिल्ह्याजिल्ह्यांत मांडव पडतात. प्लास्टिकचं आवरणही न काढलेल्या व्हीलचेअर रांगेत उभ्या राहतात, फोटो निघतात. खुर्च्या मिळतात हे चांगलंच आहे. 1981 पासून चालू असलेल्या, दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेमुळे कितीतरी माणसं घराबाहेर पडू शकली. माझी तक्रार मांडव उठल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी, तपासणी, मापाप्रमाणे खुर्ची बसवणं, वापरायला शिकवणं असे 8 टप्पे त्यात आहेत. शेवटचा देखभाल-दुरुस्तीचा. आपल्याकडे तो घरच्यांच्या गळ्यात.

आमच्या घरी थोरल्या भावाची खुर्ची आहे. दादाला कमरेखाली संवेदना नाही. खुर्चीची पुढची छोटी चाकं आधी रुसतात. केस, दोरे, केरातलं काहीबाही आसाभोवती गुंडाळून बसतं. वहिनी ते जुन्या सुरीने खरवडून काढतात. ब्रेक सैल झाला की मात्र खैर नाही. पलंगावरून सरकताना खुर्ची मागे गेली, तर माणूस थेट फरशीवर. कोपऱ्यावरचा सायकलवाला नट आवळून देतो आणि पैसे घ्यायला संकोचतो. पण ब्रेकचा सुटा भाग त्याच्याकडे नसतो. खुर्ची जिथून घेतली तो दुकानदार म्हणतो, "दुरुस्ती कशाला, नवीच घ्या."

एअर बेडची तऱ्हा वेगळी. पंप दर दहा-बारा मिनिटांनी गादीतले कप्पे आळीपाळीने भरतो, रिकामे करतो; एकाच जागी दाब न राहिल्याने बेडसोअर टळतात. वीज गेली की गादी हळूहळू चपटी. मग वहिनी पंपाच्या नळ्या उपसून दुमडतात, रबरबँडने घट्ट बांधतात. हवा थोडा वेळ तग धरते. वीज लांबली, तर दर दोन तासांनी दादाची कूस बदलायची, त्याला दोघं लागतात. पंप बिघडला तर हाच कार्यक्रम रात्रभर.

दुसरा माणूस आणायचा कुठून? काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोतून. रोजचा मुलगा आला नाही की "बदली पाठवतो" असं फोनवर सांगतात. बदली उगवते दुपारी, आणि दादाला उचलायचं कसं हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. काखेत हात घालून ओढायला लागतो बिचारा. ओढल्याने कातडी सोलवटते आणि दादाला ते कळतही नाही. त्या मुलावर मी चिडत नाही. दिवस भरून घेणाऱ्या ब्युरोवर चिडतो.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. केरळात आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यासाठी महिना 600 रुपये ठरलेले आहेत. रक्कम अगदीच तुटपुंजी. तरी घरात राबणाऱ्या बाईचं काम सरकारी कागदावर काम म्हणून चढलं, हे मला रकमेपेक्षा मोठं वाटतं.

पैसा नाहीच असंही नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा आहे. त्यातला थोडा दुरुस्तीसाठी बांधून ठेवा. गावातल्या सायकलवाल्याला आठवडाभर शिकवा, टायर, ब्रेक, बेअरिंग त्याच्याकडे ठेवा, दर ठरवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जादाची एक खुर्ची असू द्या, म्हणजे आपली दुरुस्तीला गेली तरी माणूस पलंगावर अडकून पडणार नाही. ही कल्पना आमच्या सायकलवाल्याला ऐकवली. त्याला पटली. फक्त म्हणाला, "बिल कुणाच्या नावाने फाडायचं, तेवढं सांगा."