सर्वांचे वन

मुंबईत धारावी आणि वांद्रे यांच्या दरम्यान, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांचे एक वन आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे त्याचे नाव. एके काळी ही जागा म्हणजे महानगराचा उकिरडा होती. घरोघरचा केरकचरा येथे आणून ओतला जाई. अशा भूमीवर कधी वृक्षांची छाया पडेल, असे कोणाला वाटले असते? परंतु काही निसर्गप्रेमी माणसांनी ते मनावर घेतले. १९८३ साली थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते येथे पहिले रोप लावले गेले. पुढे अनेक वर्षे रोपे लावण्याचे व जोपासण्याचे काम चालले आणि १९९४ साली हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे हजारो वृक्ष उभे आहेत आणि शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची तेथे नोंद झाली आहे.

अशा निसर्ग उद्यानात प्रथमच येणारी मुले पुष्कळदा एक प्रश्न विचारतात : "येथे पाळणे कोठे आहेत?" मोठी माणसेही कधी कधी म्हणतात, "नुसती झाडे काय पाहायची? येथे गाणी लावावीत, आगगाडी फिरवावी, खाण्याची दुकाने थाटावीत. म्हणजे लोकांची खरी करमणूक होईल."

ही मागणी अगदीच गैर आहे, असे म्हणता येणार नाही. मुलांना धावण्यासाठी मैदान हवे, झुलण्यासाठी झोपाळा हवा. महानगरात अशा जागा थोड्या आहेत आणि त्या वाढल्याच पाहिजेत. पण म्हणून प्रत्येक मोकळ्या जागेची जत्रा करावी काय? भूक लागली म्हणून कोणी बियाण्याचे धान्य दळून खात नाही. पाळणा कोठेही चार दिवसांत उभा करता येतो. वनाला मात्र पिढीचा काळ लागतो.

शिवाय वनात करमणूक नसते, हेही खरे नाही. ती शोधावी लागते, इतकेच. मिठीच्या काठावरील खारफुटीपाशी क्षणभर थांबावे. तेथे चिखलातून असंख्य टोकदार मुळ्या वर डोकावताना दिसतात. इतर झाडांची मुळे खाली जातात; मग तिवराची ही मुळे वर का येतात? भरतीच्या पाण्याने भिजलेल्या चिखलात हवा फार थोडी असते, म्हणून हे झाड आपल्या मुळ्या वर काढून त्यांच्याद्वारे हवा घेते. रुईच्या झुडपाची पाने कुरतडलेली दिसली, तर त्याला कीड लागली असे समजून कोणी हळहळू नये. केशरी पंखांचे एक फुलपाखरू याच पानांवर अंडी घालते. अळी रुईचा विषारी चीक पचवते आणि त्या विषामुळे पुढे फुलपाखराला खायला पक्षी धजत नाहीत. झाडाखाली साचलेला पाचोळाही केर नव्हे. तो कुजतो, त्याची माती होते आणि तीच माती त्या झाडाला पुन्हा पोसते.

या करमणुकीचा एक विशेष असा, की तिला वयाची अट नाही. जत्रेत लहानांचे पाळणे वेगळे, मोठ्यांचे खेळ वेगळे आणि आजी-आजोबांच्या वाट्याला बहुधा सामान सांभाळण्याचे काम. वनात मात्र तिन्ही पिढ्या एकाच झुडपापुढे उभ्या राहतात. नातवाला पानावरची अळी आधी दिसते, कारण त्याची दृष्टी तीक्ष्ण असते. आजीला अडुळसा ओळखता येतो, कारण खोकल्यावर त्याचा काढा तिने कितीदा तरी उकळलेला असतो. तांबट पक्ष्याचे टुक्-टुक् ऐकून वडिलांना बालपणीचा गाव आठवतो. प्रत्येकाजवळ देण्यासारखे काही असते आणि प्रत्येकाला घेण्यासारखे काही मिळते.

मैदानात जो वेगाने धावतो, तो जिंकतो. वनात जो सावकाश चालतो, त्याला अधिक दिसते. धावत जाणाऱ्या मुलाच्या चाहुलीने खंड्या उडून जातो. काठी टेकीत मागून येणाऱ्या आजोबांना तो पाण्यावर झेप घेताना दिसू शकतो. ज्याचे पाय दुखतात, जो आजारातून नुकताच उठला आहे, त्यालाही येथे मागे पडल्याचे दुःख नाही. म्हणूनच अशा वनाला सर्वांचे वन म्हणणे योग्य ठरते. तेथे गोंगाट आणि गर्दी आणली, तर पक्षी जातील आणि त्यांच्यामागोमाग ही समानताही जाईल.

जे सर्वांचे असते, ते जपणे कोणाचे काम? अशा वेळी "ते माळ्याचे काम" असे म्हणून मोकळे होण्याची सवय समाजाला लागलेली आहे. परंतु या भूमीचा उकिरडा कोणा एका माणसाने केला नव्हता. प्रत्येक घराने थोडा थोडा कचरा दिला आणि त्याचा ढीग झाला. आजही पाहुणा म्हणून आलेल्याने गोळीचा एक कागद वाटेवर टाकला, तर तो जुन्याच ढिगाचा पहिला कागद ठरेल. तो कागद खिशात ठेवून घरी नेणे ही गोष्ट लहान खरी. पण बारा वर्षांच्या मुलाला ती करता येते आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही. वनाच्या आनंदाप्रमाणे त्याच्या रक्षणालाही वयाची अट नाही.