नारू आणि आपली बुद्धि

आपल्या आजोबा-पणजोबांस ‘नारू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत हा रोग ठाऊक होता. आज पुण्यांत नळाच्या पाण्यावर वाढणाऱ्या विद्यार्थ्यांस तो ठाऊक नाहीं, हें त्यांचें भाग्य होय. परंतु हा कृमि ज्या युक्तीनें मनुष्यास आपल्या कामास जुंपीत असे, ती विसरणें आमच्या मतें हिताचें नाहीं.

नारूच्या अळ्या पाण्यांतील सायक्लॉप्स नांवाच्या सूक्ष्म जीवाच्या शरीरांत सुमारें दोन आठवडे वाढतात. ही वाढ पुरी झाल्यावांचून त्या मनुष्यास बाधत नाहींत. असें पाणी न गाळतां प्यालें म्हणजे अळी देहांत शिरते व सुमारें वर्षभर निमूटपणें वाढते. रोग्यास कांहीं कळत नाहीं. मादी कधीं कधीं १ मीटरपर्यंत लांब होते. पिलें तयार झालीं कीं ती बहुधा गुडघ्याखालीं कातडीशीं येते, फोड उठतो आणि आगीसारखा दाह होतो. बायबलांतील ‘गणना’ या पुस्तकांत जे दाहक सर्प आले आहेत, ते नारूच असावेत, असा कांहीं विद्वानांचा तर्क आहे. व्याकुळ रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यांत बुडवितो. फोड फुटतो आणि लक्षावधि अळ्या गांवाच्या पिण्याच्या पाण्यांत सुटतात.

येथें वेळेचें महत्त्व पाहावें. माशांतील एका कृमीवर यूरोपांत झालेल्या प्रयोगांत असेंच दिसलें. अळी अपक्व असतांना तिचा यजमान जलजंतु मंद राहतो व माशापासून बचावतो. ती पक्व होतांच तो चपळ होतो आणि गिळला जातो. अळीची वाढ अपुरी असतां यजमान मेला तर तिचाही नाश. म्हणून आधीं मौन, मग चेतावणी!

रोग्यास वाटे, आपण आराम शोधीत आहों. घडे तें कृमीचें काम. म्हणून त्यास गलिच्छ वा अडाणी म्हणून हिणविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पाय पोळणाऱ्यास पाणी हवेंच! त्यास तें बादलींत द्यावें आणि नंतर कोरड्या जमिनीवर ओतावें, एवढें ज्ञान पुरेसें होतें.

या रोगावर ना लस, ना कृमि मारणारें औषध. तरीही १९८० नंतरच्या दशकांत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत पाणी कापडानें गाळणें, पायऱ्यांच्या विहिरी सुरक्षित करणें, हातपंप बसविणें आणि घरोघर समजूत घालणें, एवढ्या साध्या उपायांनीं तो हटला. भारतांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला.

विद्यार्थिमित्रहो, घरीं वडीलधाऱ्यांस नारूविषयीं अवश्य विचारा. आणि एखादी ओढ अनावर झाली, तर ती पुरविण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहा: हिच्यानें काम कोणाचें होणार, आपलें कीं दुसऱ्याचें? मनुष्यास कृमीहून वरचढ करणारी बुद्धि ती हीच, असें आम्हांस वाटतें.